रेड्याने हात वर केला

वजन करून झालं, आकडा नोंदवून झाला, अंगात शर्ट घालून झाला, आणि महेंद्र पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.

रांग म्हणजे चार-पाच जण. रोह्याच्या एका मंगल कार्यालयात काटा मांडला होता. महेंद्रचा नंबर आला तसा तो परत काट्यावर चढला. सगळे हसले. "महेंद्रदादा, एका वजनान पोट भरला नाय काय?" कुणीतरी ओरडलं. महेंद्रही हसला. पण हसण्याआधी त्याने इकडेतिकडे पाहिलं, आपण इथे कशासाठी आलोय ते आठवत असल्यासारखं. मी काट्याच्या शेजारीच होते. मला हसू आलं नाही.

मी बॉक्सिंगची रेफरी आहे. पेणच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून आयुष्य गेलं. कॉलेजात असताना स्वतः दोन वर्षं ग्लोव्ह्ज घातले होते, पुढे परीक्षा देऊन पंच झाले. पांढरा शर्ट, काळी पॅंट घालून पुरुषांच्या मारामारीत मधे उभी राहणारी बाई पाहिली की लोकांना अजूनही गंमत वाटते. वाटू दे. रेफरीचं काम मारामारी लावून देणं हे नसतं, ती वेळेवर थांबवणं हे असतं. एवढं एक वाक्य नीट समजलं की पुढची हकीकत कळायला सोपी जाईल.

महेंद्र रोह्याचा. एकेकाळी राज्यात त्याच्या वजनात त्याला तोड नव्हती, राष्ट्रीय स्पर्धेतही पदक आणलेलं. त्याचा जॅब प्रसिद्ध होता. जॅब म्हणजे पुढच्या हाताने सरळ मारलेला ठोसा. दिसायला साधा, पण महेंद्रचा जॅब समोरच्याला नाकावर बसल्यावरच कळायचा. आता चाळिशीला आला होता. खऱ्या स्पर्धांमधून बाहेर पडून बरीच वर्षं झाली होती. पण कुणाचा वाढदिवस, कुठला महोत्सव, कुठलं उद्घाटन, तिथे रिंग लागायची आणि महेंद्रदादाची लढत ठेवली जायची. पोस्टरवर फोटो मात्र पंचविशीतलाच असायचा.

त्या दिवशी त्याच्यासमोर होता नरेश. कासू स्टेशनावरून खाडीच्या बाजूला आत गेलं की त्याचं गाव. घरची पिढ्यान् पिढ्या मिठागरावर, हा नागोठण्याला कंपनीत ठेकेदाराकडे लोडर. मूळचा कबड्डीवाला, डाव्या कोपऱ्याचा खेळाडू. अंगाने असा की गावाने नाव ठेवलं रेडा, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. पेणला एका मित्राच्या जिममध्ये ग्लोव्ह्ज हातात घेतले आणि वर्ष-दीड वर्षात आजूबाजूच्या चार-सहा लढती मारल्या. बॉक्सिंग त्याला येत नव्हतं. आमच्या भाषेत तो ब्रॉलर. म्हणजे दोन खाऊन एक देणारा. पाय नाहीत, नेम नाही, बचाव तर नाहीच. नुसतं पुढे जायचं.

नरेशला मी तो शाळकरी असल्यापासून ओळखत होते, कारण आमच्या तालुक्यात खेळाच्या शिक्षिकेला कबड्डीची पंचगिरी काही चुकत नाही. एका सामन्यात त्याने चढाई करणाऱ्या पोराचा घोटा पकडला आणि त्या पोराचा गुडघा वळला. नरेशने पकड सोडली, हात वर केला आणि मला हाक मारली, "पंच, लागलाय याला!" मी शिट्टी मारली, खेळ थांबला, पोराला पाणी दिलं, पाय चोळला, आणि डाव पुढे सुरू झाला. यात काही विशेष नाही. आमच्याकडच्या मातीतल्या कबड्डीत सगळेच असं करतात. जवळ असतो त्याला आधी कळतं, पंचाला मागून कळतं, म्हणून जवळचा हात वर करतो. शाळेत मीही पोरांना हेच सांगत आले.

तर रोह्यात त्या आठवड्यात एकच विषय होता. रेडा दादाला मारेल का? चहाच्या टपरीवर, रिक्षा स्टॅंडवर, सलूनमध्ये. बहुतेकांचं म्हणणं, छे, कुठे दादा आणि कुठे हा लोडर. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की हो, मारेल. म्हातारा होणाऱ्या बॉक्सरचे आधी पाय जातात. मग अंतर चुकायला लागतं. हाताचा वेग सगळ्यात शेवटी जातो, म्हणून लोकांना वाटतं अजून जोर आहे. चांगल्या बॉक्सरपुढे असा माणूस गुण मोजून हरतो आणि घरी जातो. ब्रॉलरपुढे तो मार खातो.

आणि महेंद्र नुसता म्हातारा होत नव्हता.

मी आयोजकाला गाठलं. विनूशेठ. बांधकामाचा धंदा, पुढे-मागे निवडणुकीचा विचार.

"शेठ, महेंद्रची तब्येत बरोबर नाही. तो दोनदा काट्यावर चढला."

"मस्करी करतो ओ तो. त्याचा स्वभाव आहे."

"बोलताना जीभ जड होतेय. शर्टाची बटणं खालीवर लावली होती."

"मॅडम, डॉक्टरनी बीपी बघितलं, नाडी बघितली, फिट म्हणून सांगितलं. तुम्ही रेफरी आहात ना? मग तुम्ही रेफरीचं बघा." वर मला चहा पाजला. "टेन्शन नका घेऊ. नुसतं एंटरटेनमेंट आहे हे. आणि हो, पुढची मॅच तुमच्या पेणला आहे. महेंद्र विरुद्ध पुण्याचा एक नवा पोरगा. बॅनर पण तयार आहेत."

म्हणजे आजची झाली की लगेच दुसरी.

आता इथे एक नियम सांगायला हवा. डोक्याला मार बसला म्हणून रेफरीने लढत थांबवली, तर त्याला आम्ही आरएससी म्हणतो. थांबवलेला खेळाडू हरतो. पण त्याच्याबरोबर दुसरी गोष्ट घडते. त्याला सक्तीची विश्रांती मिळते. ठरलेला काळ संपून मोठ्या डॉक्टरकडून तपासणी होईपर्यंत त्याला कुठेही रिंगमध्ये पाऊल टाकता येत नाही. विनूशेठ असो की आणखी कोणी, परवानगीच मिळत नाही. जिंकलेल्याला मात्र अशी काही विश्रांती नसते. जिंकलेला माणूस तब्येतीने ठीकच असणार असं आमचं पुस्तक धरून चालतं.

मी मनाशी हिशेब केला. डॉक्टर त्याला आज अडवणार नव्हता, शेठ अडवणार नव्हता, तो स्वतः तर नाहीच नाही. त्याला पेणच्या रिंगपासून लांब ठेवायचा एकच कायदेशीर मार्ग उरला होता. आज लवकरात लवकर, जास्त मार बसायच्या आत, त्याने आरएससीने हरणं.

दुपारी रिंगच्या मागच्या बाजूला एक बाई माझी वाट बघत उभी होती. महेंद्रची बायको, सुनीता. मी तिला एक-दोनदा पाहिलं होतं.

"मॅडम, एक बोलू?"

"बोला ना."

"आज त्यांना हरवा."

मी तिला जरा बाजूला घेतलं.

"रागावू नका. कसं सांगू. घरात दूध उतू जातं आणि हे समोर बसून बघतात. परवा बाजारातून घरी यायला वाट सापडेना, मेडिकलवाल्यानी आणून सोडलं. मी म्हटलं, सोडा आता. तर म्हणतात, हरलो की सोडीन. माझ्या डोक्यावर हात ठेवून बोललेत. एकदा हरलो की ग्लोव्ह्ज माळ्यावर. पण आजवर ह्या गावजत्रेच्या मॅची त्यांना हरूच देत नाय कोण. समोर आणतात तो कच्चाच आणतात."

"आज कच्चा नाही आणलेला," मी म्हटलं.

"व्हय, ऐकलंय मी. म्हणून तर आले."

"हे बघा, मी कुणाला हरवत नाही. पण वेळ आली की मी थांबवते. एक सेकंद उशीर करणार नाही, एवढा शब्द देते."

तिने मान हलवली. पदराने कपाळ पुसलं आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली. तिच्या नवऱ्याने हरावं म्हणून त्या सगळ्या मैदानात देवाला हात जोडून बसलेली ती एकटीच असावी.

रिंग कबड्डीच्याच मैदानावर लावली होती. प्रेक्षकही कबड्डीचेच. तिन्ही बाजूंनी गच्च भरलेलं मैदान, पोरं झाडांवर, बायका कंपाऊंडला टेकून. तीन मिनिटांची एक फेरी, अशा तीन फेऱ्या. दोघांना मधे बोलावून मी नेहमीचं सांगितलं. स्टॉप म्हटलं की थांबायचं, ब्रेक म्हटलं की एक पाऊल मागे, बॉक्स म्हटलं की सुरू. नरेशने खाली वाकून आधी मला आणि मग महेंद्रला नमस्कार केला. "दादा, लहानपनी तुमचा फोटो कापून लावलेला घरान," तो म्हणाला. महेंद्रने त्याच्या खांद्यावर ग्लोव्ह ठेवला.

पहिली फेरी बघायला बरी वाटली. महेंद्रचे पाय जड होते, पण जॅब निघत होता. टप, टप. नरेशचं नाक लाल झालं, मग ओठ फुटला. नरेश आत घुसायचा आणि काय करावं ते न सुचून सरळ महेंद्रची कंबर धरायचा. मैदान पेटायचं. "पकड! पकड! सोडू नको रेड्या!" मी दोनदा ब्रेक म्हटलं, तिसऱ्यांदा ताकीद दिली. नरेश ओशाळून म्हणाला, "सवय हाय मॅडम." लोक खदखदून हसले. कुणालाही वाटलं असतं, मजेत चाललंय.

घंटा झाली. महेंद्र वळला आणि शांतपणे चालत नरेशच्या कोपऱ्यात जाऊन त्याच्या स्टुलावर बसला.

पुन्हा हशा. नरेशचा मित्र पाण्याची बाटली हातात धरून बावळटासारखा उभा. मी महेंद्रला दंडाला धरून त्याच्या कोपऱ्यात नेलं आणि डॉक्टरला वर बोलावलं. डॉक्टरने डोळ्यात टॉर्च मारला.

"कुठे आहात आपण?"

"रोह्याला."

"नाव काय तुमचं?"

महेंद्रने नाव सांगितलं.

"ठीक आहे," डॉक्टर मला म्हणाला आणि खाली उतरला. त्याचंही चूक नाही म्हणा. एवढ्या प्रश्नांची उत्तरं कुणीही देईल. मी सुनीताकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझं लक्ष उडालं असतं.

दुसऱ्या फेरीत पाय पूर्ण गेले. महेंद्र जागेवर रुतून उभा राहिला आणि नरेशला अंतर सापडलं. जॅब मारून हात परत घेताना महेंद्र तो खाली सोडत होता. तरुणपणी तो हात इतक्या वेगाने परत यायचा की ही चूक कुणाला दिसलीच नसेल. नरेशचा उजवा हात त्या हातावरून गेला आणि कानशिलावर बसला. महेंद्रचे गुडघे वाकले. दोरी धरली म्हणून तो पडला नाही.

मी काउंट सुरू केला. असा ठोसा बसला की रेफरी मोठ्याने आठपर्यंत मोजते, तेवढ्या वेळात तो माणूस सावरतोय का ते बघायचं असतं. महेंद्रने पाचाला हात वर घेतले. आठाला मी विचारलं, "बॉक्स?" त्याने मान हलवली, एक पाऊल पुढे आला. पुस्तकाप्रमाणे सगळं जागेवर होतं. त्याची नजर तेवढी माझ्यातून आरपार जात होती, आणि नजरेला पुस्तकात रकाना नाही. लढत थांबवायला मला डोळ्यांना दिसणारं कारण हवं होतं. ठरवून टाकलं, आता एक जरी नीट बसला तरी थांबवायचं. मी नेहमीपेक्षा एक पाऊल जवळ सरकले.

नरेश आला. एक पोटात, एक छातीवर. मग डावा हात हनुवटीवर बसला आणि महेंद्रचे दोन्ही हात खाली आले. उभा होता, पण त्याला कुणीतरी खुंटीला टांगून ठेवावं तसा. हेच ते कारण. मी पुढे झेपावले. स्टॉप हा शब्द माझ्या जिभेवर होता.

नरेशचा उजवा हात मागे ताणलेला होता. तो तिथेच थांबला. त्याने महेंद्रच्या तोंडाकडे पाहिलं, मग दोन पावलं मागे आला, महेंद्रकडे पाठ केली, माझ्याकडे वळला आणि डावा हात सरळ वर केला.

"पंच! लागलाय याला!"

मी दोघांच्या मधे पोचले होते. महेंद्रला मी दोन्ही हातांनी सावरलं, त्याचा घाम माझ्या शर्टाला लागला. तेवढ्यात टेबलावरून घंटा वाजली. सुपरवायझर पाटकर सर उभे राहिले होते. सामन्यावर देखरेख करणारा, निकालावर शेवटची सही करणारा माणूस म्हणजे सुपरवायझर. ते मला खाली बोलावत होते.

बॉक्सिंगमध्ये समोरच्याकडे पाठ करून हात वर करणं म्हणजे एकच. मी सोडतो. मला पुढे खेळायचं नाही. सोडणारा हरतो.

"अबॅंडन," पाटकर सर म्हणाले. "निळा कोपरा बाद. लाल विजयी." लाल म्हणजे महेंद्र.

"सर, त्याने सोडलेलं नाही. तो मला हाक मारत होता. कबड्डीत हात करतात ना, समोरच्याला लागलं की, तसं."

"मॅडम, मी पण माणगावचा आहे. कबड्डी मला शिकवू नका."

"मग तुम्हाला कळलंय तो काय म्हणत होता ते."

"कळलंय. पण ही रिंग आहे. पाठ केली, हात वर केला, सगळ्या मैदानाने बघितलं. तीनही जज्जनी बघितलं. व्हिडिओ चालू आहेत शंभर."

"मी थांबवतच होते. आरएससी होती ती, सर. महेंद्र उभ्या उभ्या गेला होता."

"तुम्ही स्टॉप म्हणालात?"

"म्हणणारच होते."

"म्हणालात का?"

"नाही."

"मग आधी काय झालं? हात आधी झाला."

मी तिथे भांडले. चांगलीच भांडले. टेबलावर हात आपटला, त्यांच्या पुढ्यातली पाण्याची बाटली पडली. त्या माणसाला विश्रांतीची गरज आहे, निकाल काही लावा पण विश्रांती लावा, असंही सांगून पाहिलं. पाटकर सर वाईट माणूस नाहीत. ते खालच्या आवाजात म्हणाले, "जिंकलेल्याला विश्रांती कुठल्या कलमाखाली लावू, ते तुम्हीच सांगा." मी डॉक्टरकडे वळले तर तो म्हणाला, "मॅडम, तो स्वतःच्या पायावर उभा आहे, आणि जिंकलाय." मला कलम सापडलं नाही. आजतागायत सापडलेलं नाही.

निकाल जाहीर करताना रेफरी दोघांची मनगटं धरून मधे उभी राहते आणि विजेत्याचा हात वर करते. माझ्या डाव्या हातात नरेशचं मनगट होतं. उजव्या हातात महेंद्रचं. माईकवरून नाव आलं आणि मी महेंद्रचा हात वर केला. तो इतका जड होता की मला खांद्यापासून जोर लावावा लागला. ढोल सुरू झाले.

महेंद्र माझ्याकडे वाकला. "झाली मॅच?"

"झाली."

"कोण जिंकला?"

"तुम्ही."

त्याचं तोंड उजळलं. अगदी पोस्टरमधल्या फोटोसारखं. पुढच्या रांगेत सुनीता डोक्याला हात लावून खाली बघत बसली होती. तिच्या आजूबाजूच्या बायका टाळ्या वाजवून तिचं अभिनंदन करत होत्या.

ढोल थांबायच्या आत विनूशेठने माईकवरून पेणची मॅच जाहीर केली.

नरेश मैदानाच्या कडेला हातांच्या पट्ट्या सोडत बसला होता. त्याच्या गावचे चार जण त्याला शिव्या घालून निघून गेले होते. हातातली मॅच घालवली, पळपुटा, असं काय काय.

"मॅडम, माझा काय चुकला?"

"काही नाही चुकलं."

"मंग मी हरलो कनाला? मी तुमाला हाक मारली. त्याचे डोले बघितलंत? आत कोन नवता ओ. अशा मानसाला कसा मारनार?"

मी त्याला नियम समजावून सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे मी अजून एक मारला असता, तर तो घरी बसला असता?"

मी त्याच्या दुसऱ्या हाताची पट्टी सोडवायला घेतली. तो काय ते समजला.

दोन दिवसांनी मी महेंद्रच्या घरी गेले. तो ओट्यावर बसून दोरीच्या उड्यांची दोरी सोडवत होता, तिचा गुंता झाला होता. मी स्पष्ट बोलले. डोक्याचा स्कॅन करून घ्या, पेणला खेळू नका. तो अगदी प्रेमाने ऐकत होता. "मॅडम, हरलो असतो तर सोडलंच असतं. शब्द दिलाय मी हिला. पण तुम्हीच हात वर केलात ना माझा?" सुनीता मला फाटकापर्यंत सोडायला आली. "हरलेल्याला घरात बसवलं असतं ओ मी," ती म्हणाली. "जिंकलेल्याला काय सांगून बसवू?" मला रागवायचं तिच्या मनातही नव्हतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

पेणच्या मॅचला मी ड्यूटी नाकारली. दुसरा रेफरी नेमला. त्यालाही मी फोन करून सगळं सांगितलं, त्यानेही नक्की लक्ष ठेवतो म्हणून सांगितलं, आणि माझी खात्री आहे त्याने ठेवलं. माझं घर मैदानापासून लांब नाही. शेजारी गणपतीचे कारखाने, तिथल्या पोरांनी काम बंद करून मैदान गाठलं होतं, त्यामुळे गल्ली शांत होती. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले. लाऊडस्पीकर घरात ऐकू येत होता. महेंद्रचं नाव झालं, टाळ्या झाल्या, घंटा झाली. थोड्या वेळाने सगळं मैदान एकदम ओरडलं. त्यानंतर माईकवर कुणीच काही बोललं नाही. मग ॲम्ब्युलन्सला वाट द्या, वाट द्या, असं ऐकू आलं. मी भाजी तशीच टाकून दाराशी गेले, पण दाराच्या पुढे माझं पाऊल पडेना.

पहिल्याच फेरीत, दुसऱ्या-तिसऱ्या ठोशाला. त्या पुण्याच्या मुलाने फार जोरातही मारलं नव्हतं म्हणतात. डोक्यात रक्त साकळलं. पनवेलच्या पुढे मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. महेंद्र वाचला. लोक म्हणतात देवाची कृपा. सुनीता तसं म्हणत नाही.

आता तो चालतो, जेवतो, हाक मारली तर वळून बघतो. सुनीता एका शाळेत खिचडी शिजवायला जाते, तेवढा वेळ शेजारीण बघते. विनूशेठने सुरुवातीला दोनदा फळं पाठवली. पोस्टरवर आता दुसरा कुणीतरी असतो.

नरेशने ग्लोव्ह्ज मित्राला परत दिले. कबड्डीही सोडली. गावात अजून त्याला पळपुटा म्हणतात, आणि तो कुणाला काही समजावायला जात नाही. नागोठण्याची शिफ्ट नसली की कासूहून गाडीने रोह्याला येतो आणि महेंद्रला फिरायला नेतो. गेल्या महिन्यात मला ते दोघं रोहा स्टेशनच्या रस्त्यावर दिसले. नरेशने महेंद्रचं मनगट घट्ट धरलं होतं. कबड्डीत कोपऱ्याचा खेळाडू शेजारच्याचा हात धरून साखळी करतो ना, तसं. मी थांबले. महेंद्रने मला ओळखलं. मी पांढऱ्या शर्टात नसूनही ओळखलं.

"मॅडम," तो म्हणाला. एकेक शब्द लावून, सावकाश. "रेड्याबरोबर... मीच जिंकलो ना?"

नरेशने खाली बघत सांगितलं, "व्हय दादा. तुमीच जिंकलात."

"कोण होता तो? चांगला होता पोरगा."

"होता कोन तरी," नरेश म्हणाला आणि त्याला घेऊन रस्ता ओलांडला.

रेडा दादाला मारेल का, या प्रश्नाचं खरं उत्तर असं की मारलं होतं. निकालात तसं लिहिलेलं नाही, इतकंच.

मी अजून रेफरी म्हणून उभी राहते. मधे सोडणार होते, पण मग वाटलं, माझ्या जागी जो येईल त्याला हे ठाऊक नसेल. स्टॉप, ब्रेक आणि बॉक्स सांगून झालं की हल्ली मी प्रत्येकाला एक जादा प्रश्न विचारते, "याआधी कुठला खेळ खेळायचास?" आमच्या भागात दहातले आठ जण कबड्डीच म्हणतात. मग मी त्यांना सांगते, समोरच्याला लागलंय असं दिसलं तरी हात वर करायचा नाही, पाठ करायची नाही, मी थांबवेपर्यंत मारत राहायचं. पोरं चमकून माझ्याकडे बघतात. शाळेत याच पोरांना मी वर्षानुवर्षं याच्या बरोबर उलटं शिकवलं आहे.